अर्ध्या मोज्याचा पूर्ण थाट

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पुण्यात ऑक्टोबर हीटने जीव नकोसा केलाय, पंखा पाचवर आहे, आणि मी मांडीवर मोहरीच्या रंगाचा लोकरीचा गुंडा घेऊन बसलेय. बॉस्टनजवळ राहणाऱ्या भाचीचं फर्मान आलंय: "मावशी, मोजे नकोत. बूट टॉपर हवेत. जाड विणीचे. आणि पानगळ संपायच्या आत!"

टॉपर म्हटलं की आमच्या पिढीला दहावीला बोर्डात आलेला, पेढा भरवून घेतानाचा फोटो पेपरात छापून आलेला मुलगा आठवतो. हा टॉपर वेगळा. बुटाच्या तोंडाशी बसणारी ही लोकरीची एक आखूड नळी. चार इंच बुटाच्या आत, तीन इंच बाहेर. बघणाऱ्याला वाटावं, काय हौशी बाई आहे, गुडघ्यापर्यंत हाताने विणलेले मोजे घातलेत! प्रत्यक्षात आत दुकानातला साधा सुती मोजा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पहिला नमुना तयार झाल्यावर आईने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून पाहिला आणि विचारलं, "ह्याला पाय कुठंय?"

पाय नाही, म्हणून तर सुख आहे!

टाच नाही, ताप नाही

ज्यांनी आयुष्यात एक तरी मोजा विणलाय त्यांना विचारा. नळी विणण्यात काहीच नाही, खरी परीक्षा टाचेपाशी. अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्या अर्ध्यांवर पुढे-मागे विणायचं, मग कडेचे टाके उचलायचे, मग दोन्ही बाजूंनी एकेक कमी करत जायचं, आणि शेवटी बोटांपाशी वरचे-खालचे टाके शिवण दिसणार नाही अशा बेताने जोडायचे. या शेवटच्या जोडणीला विणकामात 'किचनर टाका' म्हणतात. हा किचनर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला आणि कर्झनशी भांडून त्याला राजीनामा द्यायला लावणारा तोच लॉर्ड किचनर. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या घराघरांत सैनिकांसाठी मोजे विणले जात होते. बोटांना शिवण टोचू नये म्हणून केलेल्या या जोडणीला तेव्हाच्या युद्धमंत्र्याचं नाव चिकटलं. साहेबांनी स्वतः सुई धरली असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

टॉपरला किचनर नको, टाच नको, बोटं नकोत. टाके घाला, गोल गोल विणत राहा, टाके बंद करा.

आता आकडे. जाड लोकर, ५ मिलिमीटरच्या सुया, इंचाला चार टाके अशी वीण. पोटरी १४ इंच असेल तर नळी १४ इंचांची करायची नाही, तशी केली तर ती घसरते. लोकर ताणून बसायला हवी, म्हणून साधारण पंधरा टक्के कमी, म्हणजे १२ इंच. बारा चोक अठ्ठेचाळीस. ४८ टाके. सात इंच उंचीला माझ्या हाताने सुमारे ३८ फेऱ्या होतात. एका टॉपरला १८२४ टाके, जोडीला ३६४८. मिनिटाला वीस टाके या माझ्या बेताच्या वेगाने तीन तासांत जोडी तयार. शेटलंडच्या हेझल टिंडल यांनी २००८मध्ये एका स्पर्धेत तीन मिनिटांत २६२ टाके विणले होते. त्या वेगात हात न थांबवता हीच जोडी पाऊण तासाच्या आत संपेल. शिट्ट्यांवर सोडलेला राजमाही तेवढ्यात शिजेल की नाही, शंका आहे.

याउलट बारीक लोकरीच्या पूर्ण मोज्यांच्या जोडीला माझ्या हिशोबाने वीस हजारांच्या आसपास टाके लागतात. म्हणूनच जगभरच्या विणणाऱ्यांच्या कपाटात एकुलते एक मोजे पडलेले असतात. पहिला उत्साहात होतो, दुसऱ्यासाठी सुया हातात घ्यायचा कंटाळा येतो. टॉपरच्या बाबतीत कंटाळा यायच्या आत दुसरा झालेला असतो.

गोंडा काढला, गोंडा आला

आता टॉपर ज्याच्या डोक्यावर बसतो त्या बुटाकडे वळू. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात 'हेसियन' बूट जोरात होते. जर्मनीतल्या हेस प्रांताच्या सैनिकांचे हे बूट गुडघ्याखालपर्यंत यायचे आणि वर पुढच्या बाजूला त्यांना चक्क गोंडा असायचा. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होबी नावाचा नामांकित बूटवाला होता. त्याच्या एका लष्करी गिऱ्हाइकाने सांगितलं, गोंडा-बिंडा काढून टाक, पायाला नीट बसेल असा साधा, मऊ कातड्याचा बूट कर. ते गिऱ्हाईक म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. बुटाला नाव पडलं वेलिंग्टन बूट.

हा वेलिंग्टन आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. ड्यूक व्हायच्या कितीतरी आधी, नुसता आर्थर वेलस्ली असताना, २३ सप्टेंबर १८०३ रोजी तो आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यातली ही लढाई तो जिंकला, पण शिंद्यांच्या तोफखान्याने त्याची इतकी माणसं कापली की पुढे वॉटर्लू जिंकूनही तो असईचं नाव आधी घेत असे म्हणतात. तारीख बघा, २३ सप्टेंबर. युरोप-अमेरिकेत पानगळीचा मोसम साधारण याच दिवशी सुरू झाला असं धरतात. टॉपरच्या मोसमाचा मुहूर्त असईच्या तिथीवर यावा, हा निव्वळ योगायोग. पण मला आवडला.

पुढे १८५३मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसाने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला आणि सरदारांचा बूट चिखलात काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात गेला. आजचे 'गमबूट' त्याच वंशातले. ड्यूकसाहेबांनी वरचा गोंडा कापून टाकला, आणि दोनशे वर्षांनी बायकांनी त्याच जागी वेण्या, बटणं आणि लोकरीचे गोंडे परत आणून बसवले. या लढाईत साहेब हरले.

जाता जाता एक साखळी. वेलिंग्टनच्या हाताखाली वॉटर्लूला एक हात गमावलेला अधिकारी पुढे लॉर्ड रॅग्लन झाला. स्वेटरच्या गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या जाणाऱ्या बाहीला त्याचं नाव आहे. रॅग्लनच्या हाताखाली क्रिमियात घोडदळ घेऊन धावला तो लॉर्ड कार्डिगन, म्हणजे पुढून बटणं असलेला स्वेटर. आणि ते धावले ते २५ ऑक्टोबर १८५४ला बालाक्लाव्हाच्या लढाईत. डोळे-नाक तेवढं उघडं ठेवणाऱ्या टोपीला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात. आपण तिला माकडटोपी म्हणतो आणि लढाईपेक्षा महाबळेश्वरच्या सहलीशी जोडतो. एका सैन्याने अख्खं लोकरीचं कपाट भरून दिलंय.

ढोंग जुनंच आहे

नुसतं वरचं टोक मिरवायची कल्पना काही अमेरिकेतल्या मुलींना सुचलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शौकीन पुरुषांचे रेशमी मोजे भलते महाग असत. बुटाच्या कातड्याने ते घासून फाटू नयेत म्हणून त्यावर तागाच्या कापडाचे दुसरे मोजे चढवत. मग पुरुषच ते, या संरक्षक मोज्यांनाच वरच्या बाजूला रुंद लेस लावली आणि ती लेस बुटाच्या तोंडावर उलटी दुमडून रस्त्यात मिरवू लागले.

मंगोलियात थेट लोकरीचाच मामला. टोक वर वळलेल्या जाड कातडी बुटांत तिथे नमद्याचा मोजा घालतात. या मोज्याची वरची कड भरतकामाने भरलेली असते आणि बुटाच्या काठावरून मुद्दाम बाहेर काढून ठेवलेली असते. उणे तीस अंशांतही नटण्याची हौस कमी होत नाही.

पण आपल्या टॉपरचा सख्खा पूर्वज स्कॉटलंडचा. किल्ट घालणाऱ्या हायलंड पलटणींत बिनपावलाचे, नुसते पोटरीचे रंगीत मोजे असत. त्यांना 'होज टॉप' म्हणत. खाली पायात साधा लष्करी मोजा, वर हा दिमाखदार अर्धा मोजा, आणि जोड दिसू नये म्हणून घोट्यावर पांढरे गेटर. कारण अगदी व्यवहारी. मोज्याचा झिजतो तो तळ. नक्षी पोटरीवर असते, ती वर्षानुवर्षं शाबूत राहते. मग नक्षीला भोकं पडलेल्या तळव्याशी कशाला बांधून ठेवायचं? आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कंजूषपणा." म्हटलं, स्कॉटिश लोकांबद्दल असं बोलू नये, ते स्वतःच बोलतात.

आणि ज्यांना होज टॉप नाही त्यांच्या पायांना काय? पट्टी. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पायाला गुंडाळायची लांब लोकरी कापडाची पट्टी. हिंदुस्थानातल्या फौजांकडून ती ब्रिटिश सैन्यात गेली, इंग्रजीत तिचं 'पटी' झालं, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत लाखो गोऱ्या शिपायांनी आपला हा शब्द पायाला गुंडाळून चिखल तुडवला.

दोन सुलट, दोन उलट

आता थोडं सुयांकडे. टॉपर बुटात टिकून राहतो तो इलॅस्टिकमुळे नव्हे, विणीमुळे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना करकचून धरून असतात. विणलेल्या लोकरीत मात्र एकच धागा फासे घालत जातो. प्रत्येक फासा ताणला की शेजाऱ्याकडून धागा उसना घेतो आणि सोडला की परत करतो. असा शेजार सोसायटीत मिळाला तर काय हवं!

नुसतं सुलट विणलं की कापडाच्या कडा गुंडाळत जातात. पण दोन सुलट, दोन उलट असं विणत गेलात तर सुलटचे उभे रकाने पुढे येतात, उलटचे त्यांच्यामागे लपतात, आणि सगळं विणकाम पंख्याच्या घडीसारखं मिटतं. ओढलं की पसरतं, सोडलं की मिटतं. बुटाच्या आतल्या चार इंचांना म्हणूनच ही पट्टीदार वीण हवी. आणि म्हणून टाक्यांची संख्या चारने भागली जायलाच हवी. ४८ जाते, ५० जात नाही.

गोल सुरुवात करताना एक अपघात ठरलेला. टाके सुईवर घातले, टोकं जोडली, आणि मध्ये कुठेतरी रांगेला एक पीळ राहिला. तीन-चार फेऱ्या होईपर्यंत कळत नाही. कळतं तेव्हा उसवण्यावाचून उपाय नसतो. हातात नळीऐवजी पीळ पडलेला विचित्र पट्टा आलेला असतो. १८५८मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे अर्ध्या पिळाचा, एकच बाजू आणि एकच कड असलेला पट्टा शोधून काढला. त्याचा पूर्ण पिळाचा भाऊ मी आतापर्यंत पाच वेळा शोधलाय. म्हणून पहिली फेरी टेबलावर ठेवून, सगळ्या टाक्यांची बुडं खाली आहेत ना हे बोट फिरवून बघायचं, मगच जोडायचं.

बाहेरच्या तीन इंचांत हवी ती हौस करा. वेणी घालायची तर दोन-तीन टाके सुटी सुईवर पुढे धरायचे, मागचे आधी विणायचे, मग धरलेले विणायचे. टाके नुसते जागा बदलतात आणि पीळ पडलेला दिसतो. मात्र वेणी कापड आत ओढते, म्हणून प्रत्येक वेणीमागे एक-दोन टाके वाढवा. नाहीतर टॉपर पोटरीवर चढणारच नाही.

वेणीवरून आठवलं. आयर्लंडच्या अरन बेटांवर म्हणे प्रत्येक घराण्याची वेण्यांची नक्षी वेगळी, म्हणजे कोळी बुडाला तर स्वेटरवरून ओळख पटावी. ऐकायला सुंदर, पण खरं नाही. या दंतकथेचं एक मूळ १९०४मध्ये रंगभूमीवर आलेल्या जे. एम. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात आहे. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती स्वेटरवरून नाही, मोज्यावरून. आपण साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सोडले होते, हे तिला आठवतं. नक्षी नव्हे, चूक ओळखू आली. स्वतः विणणाऱ्या कुणालाही हे पटेल. माझ्या कपाटातला प्रत्येक स्वेटर मी त्यातल्या घोटाळ्यावरूनच ओळखते.

टाके बंद करताना हात आवळू नका. त्या एका फेरीसाठी एक नंबर मोठी सुई घ्या. मी एकदा टीव्हीवर क्रिकेटची शेवटची षटकं बघत टाके बंद केले होते. ती कड पुढे माझ्या मनगटावरूनसुद्धा गेली नाही.

लोकरीच्या चार गोष्टी

खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. वर ओलावा शोषताना ती किंचित उष्णता सोडते. भाचीच्या गावच्या पावसाळी पानगळीला हीच हवी. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळते ती बहुतेक लुधियानाची ॲक्रिलिक. तिचे रंग झकास, मशीनमध्ये धुता येते, पण ओलाव्याचं हे कसब तिच्याकडे नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ती राठ. धनगरांच्या घोंगडीला तीच हवी, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली, पाऊस अडवणारी. नडगीला मात्र अशी टोचते की माणूस बूटच काढून ठेवेल.

नॉर्वेतल्या सेल्बू गावात १८५७ साली मारिट एमस्टाड नावाची किशोरवयीन मुलगी आठ पाकळ्यांच्या काळ्या-पांढऱ्या चांदणीचे हातमोजे विणून चर्चमध्ये गेली. गावाने माना वळवल्या आणि आज ती चांदणी जगभरच्या हिवाळी कपड्यांवर आहे. आपल्याकडे त्या वर्षी वेगळीच धामधूम चालली होती. टॉपरच्या तीन इंचांत ती चांदणी चपखल बसते.

२००६मध्ये रिगा इथे नाटोची शिखर परिषद भरली तेव्हा लॅटव्हियाने पाहुण्यांना हाताने विणलेल्या हातमोज्यांच्या ४५०० जोड्या वाटल्या. क्षेपणास्त्रांवर चर्चा करणाऱ्यांच्या पिशवीत लोकरीचे हातमोजे!

आणि फिलिस लाटूर. १९४४च्या मे महिन्यात ब्रिटनची ही हेर विमानातून नॉर्मंडीत उतरली. वय तेवीस, पण सांगायची चौदा. सायकलवरून साबण विकत फिरायची आणि जर्मन शिपायांशी गप्पा मारायची. तिचे गुप्त संकेत रेशमाच्या कापडावर होते. ते कापड विणायच्या सुईला गुंडाळून ती सुई केस बांधायच्या नाडीत घातलेली असे. झडती झाली तेव्हा तिने नाडी सोडून केस मोकळे करून दाखवले. शिपायांनी जाऊ दिलं. २०२३मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, त्या वारल्या. विमानतळावर सुयांकडे संशयाने बघणाऱ्यांना हे सांगू नका.

माप कुठलं, बूट कुठला

टॉपरला छापील नमुना लागत नाही. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या बाईंनी १९७१च्या 'निटिंग विदाउट टिअर्स' या पुस्तकात विणणाऱ्यांना सांगितलं, आधी इंचाला किती टाके बसतात ते मोजा, अंगाच्या मापाने गुणा, बाकी स्वतःच्या डोक्याने करा. मी तेच केलं. भाचीने पोटरी मोजून कळवली, १४ इंच. मी वर लिहिल्याप्रमाणे ४८ टाके घातले, मोहरीच्या रंगात दोन वेण्या टाकल्या, त्यांच्यासाठी टाकेही वाढवले, आणि पार्सल करायच्या आधी व्हिडिओ कॉलवर अभिमानाने जोडी दाखवली.

"मस्त! हे बघ माझे बूट," असं म्हणत तिने पाय कॅमेऱ्यासमोर धरला. बूट घोट्याच्या जरा वर संपलेला!

तिथे पाय जेमतेम १० इंच. माप पोटरीचं नव्हे, बुटाचं तोंड जिथे संपतं तिथलं घ्यायचं असतं. ही गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, कारण मलाच सुचली नव्हती. दहाचे पंधरा टक्के कमी केले तर साडेआठ इंच. चौतीस टाके होतात, चारने भागायला हवेत म्हणून ३६. नवी जोडी दोन संध्याकाळींत झाली, कारण आता सवय झाली होती आणि वेणी एकच घातली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोटो आला. लाल मॅपलची पानं, तपकिरी बूट, त्यावर तीन इंच मोहरी. एक टॉपर तिने उलटा घातला होता, विणीची मागची बाजू बाहेर. मी काही बोलले नाही.

पहिली, मोठी जोडी टेबलावर पडून होती. डिसेंबरात पुण्यात थंडी पडली. एका सकाळी आई स्वयंपाकघरातून आली ती साडी किंचित वर धरून. दोन्ही गुडघ्यांवर मोहरीचे टॉपर, वेण्या पुढच्या बाजूला.

"गुडघ्याला कसं छान बसलंय," ती म्हणाली. "ह्याला पाय नाही तेच बरं. निळ्यात पण एक कर."